अडुळशाचं गाठोडं

फार पूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक लोहार राहत होता. नदीवर पूल नव्हता. दोन्ही काठांना एक लांब लोखंडी साखळी ताणून बांधलेली असे. तिच्यात नावेची कडी अडकवायची आणि साखळी ओढत ओढत नाव पलीकडे न्यायची, अशी तिथली रीत. धार जोराची होती, म्हणून साखळीशिवाय नाव घालायची कोणाची छाती नव्हती.

दरवर्षी देवीच्या जत्रेआधी ती साखळी उतरवून लोहाराकडे येई. तो दगडी डोणीत तेजाब ओतून ती रात्रभर भिजत घाली. तेजाबाने गंज निघून जाई. पण साखळी बुडवण्याआधी लोहाराची बायको अडुळशाचा पाला उकळून त्याचा कडू काढा डोणीत ओतायची. तिच्या सासूनं तिला तसं शिकवलं होतं.

शेजारी हसायचे. "काय वहिनी, लोखंडाला खोकला झालाय का?"

"झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच दिलेला बरा," ती म्हणायची.

ही बायकांची काहीतरी दृष्ट काढण्याची रीत असेल, असं लोहार मनात धरून होता. काढ्यामुळे साखळी काळपट निघते, एवढंच त्याला दिसे आणि ते त्याला खुपत असे.

त्या वर्षी बायकोची आई आजारी पडली. बायको पलीकडच्या गावी माहेरी निघाली. जाताना तिनं वाळलेल्या अडुळशाचं गाठोडं खुंटीला टांगलं. "आठवणीनं उकळा हं. विसरू नका."

दोन दिवसांनी पाटील आले. "यंदा देवीची पालखी आपल्या नावेतून जाणार. साखळी कशी चांदीसारखी लखलखली पाहिजे! दरवर्षीसारखी काळी नको."

लोहारानं खुंटीकडे एकदा पाहिलं. गाठोडं तिथेच राहिलं.

त्या रात्री डोणीत तेजाब नुसतं खदखदत होतं. दरवर्षी इतका फेस येत नसे. लोहाराला वाटलं, काम जोरात चाललंय. सकाळी साखळी बाहेर काढली, तर डोळे दिपावेत अशी झळाळत होती. बघायला अख्खी आळी लोटली. म्हातारे म्हणाले, "असं काम तुझ्या बापाच्या हातूनही झालं नव्हतं." लोहाराची मान ताठ झाली.

दुपारी नावाडी आणि त्याचा भाऊ साखळी न्यायला आले. दरवर्षी तिला चौघांचे खांदे लागत. या वेळी दोघांनीच ती उचलली. नावाडी हसला. "लोहारदादा, साखळी हलकी झाली की आम्ही तरणे झालो?"

सगळे हसले. लोहार हसला नाही. त्यानं शेवटची कडी हातात घेतली. ती अंगठ्याएवढी जाड असायची, आता करंगळीएवढी उरली होती. गंज खाऊन झाल्यावर तेजाबानं रात्रभर लोखंडच खाल्लं होतं. हे कळूनही त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. सकाळचं कौतुक अजून त्याच्या कानात होतं.

जत्रेच्या दिवशी काठावर ढोल वाजू लागले. पालखी नावेत ठेवली. मागोमाग बायका चढल्या, कडेवरची पोरं चढली. एक चिमुरडी साखळीत आपला चेहरा बघून खिदळत होती. नावाड्यानं साखळीला हात घातला.

"थांबा!" लोहार पाण्यात धावला. "सगळे उतरा. साखळी पोखरली आहे. माझ्या हातून पोखरली गेली."

ढोल थांबले. पाटील संतापले. "आणि हे आत्ता सांगतोस?"

"उशीर केला, पाटील. पण खोटं वाटत असेल तर नावेत दगड भरून बघा."

माणसं उतरली. पालखीही उतरवली. नावेत दगड भरले आणि पलीकडच्या काठावरून दोर लावून ती धारेत ओढली. नाव मधोमध पोचली आणि साखळी तटकन तुटली. दोर हातातून निसटले. नाव एकदा गिरकी घेऊन आडवी झाली आणि वाहून गेली.

नावाडी पाण्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या घरातली चूल त्या नावेवर पेटत होती.

"जीव वाचले, दादा," तो अखेर म्हणाला. "पण काल सांगितलं असतंस, तर नावही वाचली असती."



नदी पायी ओलांडता येईल अशा लांबच्या उतारावरून वळसा घालून बायको परतली. तिनं खुंटीवरचं गाठोडं पाहिलं, त्याची गाठ चाचपली. गाठ तिनंच मारलेली होती.

"दुधावर साय धरते ना, तसा हा रस लोखंडावर धरतो," ती हळूच म्हणाली. "तेजाब गंज खातं आणि सायीपाशी अडतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगितलं नाही."

पुढचं सारं वर्ष लोहार दिवसा नावाड्याबरोबर नवी नाव बांधायला राबला आणि संध्याकाळी नव्या साखळीच्या कड्या घडवत बसला. पुढच्या जत्रेआधी त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं अडुळसा उकळला.

साखळी काठावर आली तेव्हा कोणीतरी कुरकुरलं, "काळीच दिसते हो."

नावाड्यानं तिला खांदा लावून पाहिला. चौघे लागले. मग त्यानं त्या चिमुरडीला उचलून सर्वांत आधी नावेत बसवलं.

"असू दे काळी," तो म्हणाला.

तात्पर्य: आपल्याला राखणारी गोष्ट बहुधा डोळ्यांत भरत नाही; ती टाकून देण्याआधी ती कशासाठी आहे हे विचारावं, आणि चूक कळली की त्याच घटकेला बोलावं.