पानभर फुगे

आमच्या वरच्या मजल्यावरची उन्नती घोडके कॉमिक्सची चित्रं काढते. पुण्याच्या कॉमिक्स मेळाव्यात तिची आणि लेखक राजोपाध्यांची मुलाखत होती. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. शेजाऱ्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं पाहिजे.

छापायला निघालेल्या नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पडद्यावर आलं. त्यावर एकट्या राजोपाध्यांचं नाव! उन्नतीचा चेहरा उतरला. मुलाखत घेणारी काही विचारेना, म्हणून मीच उठले.

"अहो, आमच्या उन्नतीचं नाव कुठंय?"

राजोपाध्ये हसले. "मावशी, कथा माझी, संवाद माझे. चित्रं म्हणजे नुसती सजावट. तिचं कसलं नाव टाकायचं?"

मग लोकांसमोर एक पान काढून दाखवायची वेळ आली. राजोपाध्ये ऐटीत सांगत गेले: किल्ला, वादळ, घोड्यावरचा नायक, त्याची गर्जना. उन्नती मान खाली घालून काढत राहिली. कागद वर धरला, तर पानभर नुसते बोलण्याचे फुगे आणि त्यांत सुबक अक्षरांत संवाद. ना किल्ला, ना घोडा, ना माणूस.

"अगं, माझा नायक कुठे गेला?" राजोपाध्ये ओरडले.

"सजावट तेवढी वगळली, सर. तुमची कथा पूर्ण आहे."

सभागृह हसून लोटपोट झालं. माझ्या शेजारी बसलेले त्यांचे प्रकाशकही.

"बरं बाई, नायक काढ आता," राजोपाध्ये कपाळ पुसत म्हणाले.

"काढते की. माझं नाव कुठे येणार, तेवढं सांगा."

पुस्तकावर आता दोन्ही नावं आहेत. माझ्या प्रतीवर राजोपाध्यांनी सहीभोवती स्वतः फुगा काढला. बटाट्यासारखा दिसतो.