सशिणीचे आंब्याचे रोप

मुलांनो, आंब्याचे अगदी कोवळे पान कोणत्या रंगाचे असते, सांगाल का? एका जंगलातल्या सशिणीला ते ठाऊक नव्हते, आणि त्यामुळे तिच्या हातून केवढे नुकसान होणार होते ते ऐका.

ती ज्या आंब्याखाली राहत असे, तो वाळवीने पोखरून उन्हाळ्यात कोसळला. सावली गेली आणि उघड्यावर खेळणाऱ्या पिल्लांवर घार घिरट्या घालू लागली. झाडाचा शेवटचा आंबा खाऊन सशिणीने त्याची कोय दारापुढे पुरली. आपल्याला नाही, तरी नातवंडांना सावली मिळेल, असे ती म्हणे. रोज ओढ्यावरून पानाच्या द्रोणात पाणी आणून घाली. महिनाभराने कोंब आला, वीतभर वाढला आणि त्याला पाने फुटली. पण ती तांबडी, मऊ, खाली लोंबणारी. सशिणीचा सारा जन्म जमिनीवर गेलेला. तांबडी पाने तिने पाहिली होती ती फक्त गळून पडलेली. रोप मरायला टेकले, असेच तिला वाटले. तिला घास गोड लागेना. शेवटी तिने शेजारच्या साळिंदराला बोलावले. तोही जमिनीवरचाच. त्याने गंभीरपणे सांगितले की कीड मुळात उतरायच्या आत शेंडा कुरतडून टाकावा, आपले दात तयारच आहेत.

तो वाकला, तेवढ्यात वरून कावळा म्हणाला, "साळिंदरमामा, जरा थांबा." तो उडत गेला आणि एका उंच आंब्याची डहाळी चोचीत घेऊन आला. तिची खालची पाने हिरवीगार, मधली पोपटी आणि शेंड्याची तांबडी, लोंबती.

"बघ ताई, आजारी नाही, तान्हं आहे ते," कावळा म्हणाला. "माझ्या पिल्लांनी तरी जन्मल्याबरोबर कुठे मान धरली होती?"

"आणि मेलं तर? दुसरी कोय नाही रे माझ्याकडे."

"म्हणून तर म्हणतो, दात लावू देऊ नकोस."

उंचावर बसणाऱ्यांना मातीतले काय कळते, असे पुटपुटत साळिंदर निघून गेला. सशीण थांबली खरी, पण तिची धाकधूक थांबली नाही. आठ दिवस पाने तशीच लोंबत होती. नवव्या दिवशी संध्याकाळी तिचा धीर सुटला आणि ती साळिंदराच्या घराकडे निघाली. अर्ध्या वाटेवर ती अडखळली. एकाच डहाळीवरचे ते तिन्ही रंग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ती माघारी फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपाचे सर्वांत खालचे पान पोपटी झाले होते आणि सरळ उभे राहिले होते.

तात्पर्य : जे आपण कधी पाहिले नाही, त्याला भीतीपोटी रोग समजू नये, ज्याने ते पाहिले आहे त्याला विचारावे आणि मगच हात लावावा.