बिनचेहऱ्याची इजाबेलमाय

वसईच्या किनाऱ्याकडे, कासोळी गावच्या टेकडीवर इजाबेलमायचं लहानसं देऊळ आहे. आत फणसाच्या लाकडाची मूर्ती. डोक्यावर मुकुट, ओच्यात गुलाब, बोटांची नखंसुद्धा कोरलेली. चेहरा मात्र नाही; तिथे नुसतं तासलेलं लाकूड. पाहुणे वाळवीवर आळ घेतात. देवळाची राखण करणारे पास्कू आजोबा ते ऐकून घेतात आणि मग सांगतात, की वाळवी बिचारी निर्दोष आहे, हे काम आपोलीनचं.

आपोलीन ही बस्त्याव सुताराची बायको. कामाला वाघीण, पण मत्सरी अशी, की नवऱ्याने शेजारणीच्या कालवणाची तारीफ केली तर दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात कोरडा भात. तिचा सगळ्यात जास्त दात मार्सेलीनवर. मार्सेलीन विधवा. केळीची वाडी एकटी शिंपायची आणि कितीही दमली तरी हसून बोलायची. ते हसणं पाहिलं की आपोलीनच्या पोटात दुखायचं.

एका वर्षी गावाने देऊळ बांधलं आणि मूर्तीचं काम बस्त्यावला दिलं. पाद्रीबाबांनी सगळ्यांना इजाबेलची कथा सांगितली. ती पोर्तुगालची राणी, राजा बाहेरख्याली. त्याची बाहेरची लेकरं तिने राजवाड्यात आणून पोटच्यांसारखी वाढवली. गरिबांसाठी भाकऱ्या नेताना राजाने अडवलं, तर ओच्यातल्या भाकऱ्यांचे गुलाब झाले म्हणे. बापलेक लढायला उभे राहिले तेव्हा ही मध्ये जाऊन उभी राहिली. तिच्या मनात कुणाबद्दल जळफळाट म्हणून नव्हता. बायांनी डोळे पुसले. आपोलीन म्हणाली, राणीच्या घरी दाया होत्या, तिचं काय जातंय.

इजाबेलमायच्या सणाला मूर्ती बसवायची होती; आदल्या दिवशी बस्त्याव रंग आणायला गेला होता. आपोलीनने मूर्तीवरचं फडकं उचललं. रुंद कपाळ, ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू. मार्सेलीनच! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नवऱ्याचा वाकस उचलला आणि डोळे, नाक, ओठ सगळं तासून काढलं.

बस्त्याव परतला. त्याने हात उगारला नाही की आवाज चढवला नाही.

"चेहरा तिचाच होता," तो म्हणाला. "जिच्या मनात जळफळाट नाही अशी बाई हवी होती. आधी घरात शोधली, आपोलीन."

त्यापेक्षा त्याने मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

नवी मूर्ती घडवायला वेळ नव्हता. पाद्रीबाबांनी ठरवलं, आहे तशीच बसवायची, आणि पहिला हार जिने वाकस चालवला तिनेच घालायचा. सगळा गाव बघत होता. आपोलीनने सोनचाफ्याचा हार उचलला, पण तिला त्या कोऱ्या लाकडावर पुन्हा मार्सेलीनच हसताना दिसली. लाकडावरून काढलेला चेहरा डोळ्यांतून काही निघेना. लोक कुजबुजू लागले. तेव्हा ती वळली, बायांच्या गर्दीतून वाट काढत मार्सेलीनपुढे गेली.

"मी तुझ्यावर जळते," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून." आणि हार तिच्या गळ्यात घातला.

मार्सेलीन त्या वेळी हसली नाही.

"मीपण तुझ्यावर," ती म्हणाली. "संध्याकाळी तुझा नवरा घरी येतो ना, तेव्हा मी माझं दार लावून घेते."

दोघी गळ्यात पडून रडल्या असं सांगतात. पास्कू आजोबांना ते पटत नाही. त्यांचं म्हणणं, आपोलीनने तिच्या गळ्यातला वाकडा हार सरळ केला, बस्स. मार्सेलीनचं बोलणं ऐकल्यावर बस्त्यावने मात्र पुन्हा मूर्तीला हात लावला नाही.

आजही सणाच्या सकाळी कासोळीची प्रत्येक बाई एक हार घेऊन देवळात येते, आणि वर्षभर जिच्यावर जळली तिच्या गळ्यात घालते, तोंडाने तसं कबूल करून. नव्या सुनांच्या माना हारांनी भरून जातात. जिला एकही मिळत नाही ती घरी जाऊन भांडी आपटते.

इजाबेलमायच्या गळ्यात हार कधीच पडत नाही. बाया म्हणतात, हेवा करावा असं त्या माउलीच्या वाट्याला आलंच काय होतं?