विहिरीचे मनोगत

“...पण मग त्या पोरीच्या हातात पुन्हा पेन द्यायचं कसं, महाराज?”

महाराज झोपले होते.

म्हणजे, डोळे मिटलेले होते. डुलकेबाबांचं हे असंच. अर्धं बोलणं जागेपणी, अर्धं झोपेत. आणि त्यातलं शहाणपणाचं अर्धं कोणतं, यावरून डोंगराखालच्या गावांत डोकी फुटत. डोंगरही त्यांना साजेसाच. तिथलं धुकं इतकं दाट, की गवळी ते दुधात घालून विकत, आणि साय बरी धरते म्हणून गिऱ्हाइकं मागून घेत. खोटं असेल तर पाप सांगणाऱ्याला.

“पोरगी कोण?” मिटल्या डोळ्यांनीच बाबांनी विचारलं.

“वेणू कोळपे. नववीत आहे.”

“आणि तू?”

खरवंडीकर सर जरा दुखावले. पंचक्रोशीत निबंध म्हणजे खरवंडीकर. त्यांनी फळ्यावर मुद्दे लिहायचे: जन्म, बालपण, सुखाचे दिवस, दुःखाचे दिवस, मानवाला संदेश. पोरांनी ते भरायचे, की झालं आत्मवृत्त. शाळेच्या शिपायानं एकदा त्याच मुद्द्यांवर पेंगता पेंगता ‘मी घंटा बोलतेय’ लिहिलं, तर त्याला जिल्ह्याचं बक्षीस मिळालं.

“मी तिचा मराठीचा मास्तर,” सर म्हणाले.

“काय केलंस तिला?”

“मी? मी काय करणार... विषय दिला होता. पडक्या विहिरीचे मनोगत. सगळ्या वर्गानं दोन-दोन पानं लिहिली. हिनं दोन ओळी.”

“म्हण.”

सरांना आठवावं लागलं नाही.

“मी विहिरीला तिचं मनोगत विचारलं. ती अजून आठवून बघतेय.”

धुक्यात एक गाय गळ्यातली घंटा वाजवत निघून गेली. गाय काही दिसली नाही.

“मग?”

“मी ते वर्गात वाचून दाखवलं. म्हटलं, विहिरीला म्हणावं, जरा लवकर आठव बाई, पेपर तीन तासांचा असतो! पोरं हसली. मीही हसलो. शून्य दिलं... तेव्हापासून कोरा कागद देते. वर नाव, हजेरी क्रमांक, डावीकडे समास आखलेला. खाली काही नाही. वार्षिक परीक्षेत हेच केलं तर नापास होईल, महाराज. आणि नापास पोरीला तिचा बाप पुन्हा शाळेची पायरी चढू द्यायचा नाही.”

बाबांनी उशाखालून एक तांब्या काढला. सरांच्या पुढ्यात ठेवला.

“याचं मनोगत सांग.”

सर खुलले. हा तर हातखंडा! खाकरले, बसल्या जागी ताठ झाले.

“मी तांब्या बोलतोय. तांबट आळीत माझा जन्म झाला. हातोडीचे घाव सोसून मी घडलो. किती तहानलेल्यांची मी तहान भागवली! आज मात्र अडगळीत पडलो आहे. हे मानवा, अरे कृतघ्न मानवा...”

धुकंसुद्धा ऐकायला चार हात पुढं सरकलं, असं सरांना वाटलं.

संदेश देऊन झाला. बाबांनी तांब्या उचलला, डोळ्याला लावला आणि त्यातून सरांकडे पाहिलं.

तांब्याला बूड नव्हतं.

पलीकडून एक पाणीदार डोळा सरांना न्याहाळत होता.

“तहान भागवली म्हणालास... कशी रे?”

सर बूड शोधत पुढं वाकले.

“मी हा कानाला लावून निजतो. वारा बरा वाजतो यात.” बाबांनी तांब्या सरांच्या हातात दिला. “आता सांग.”

सरांनी तांब्या फिरवून पाहिला. काठाला एक पोचा होता. पोच्याच्या कडेला बारीक दातांच्या खुणा होत्या. कुण्या तान्ह्याला दात येत होते तेव्हाच्या... किंवा कशाच्या तरी. धुकं एका तोंडातून आत शिरत होतं, दुसऱ्यातून बाहेर पडत होतं. त्यात काहीतरी हलकंच वाजत होतं.

सर बसून राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. गवळी सांगतात, सरांच्या मिशा पिकल्या त्या तिथंच.

“बाकीच्या पोरांची एखादी ओळ सांग,” बाबा म्हणाले.

“कुणाची?”

“दोन-दोन पानंवाल्यांची. कुणाचीही.”

सरांनी आठवून पाहिलं. पहिला आलेला. दुसरी आलेली. अक्षरं डोळ्यांपुढं आली, सुबक, वळणदार...

“ओळ नाही आठवत, महाराज.”

“हं. विहीर कुठं आहे ती?”

“शाळेमागं. माझ्या घरच्या वाटेवर.”

“मग जाता-येता...?”

सरांनी तांब्यात वाकून पाहिलं.

“वाकून बघतो,” ते हळूच म्हणाले. “रोज.”

“पाणी आहे?”

“थेंब नाही... मी पाण्यासाठी नाही बघत.”

बाबांनी दोन्ही डोळे उघडले. डोंगरावर ही गोष्ट सहसा घडत नसे.

“तिला जाऊन काय सांगू, महाराज?” सरांनी विचारलं. “चुकलं म्हणू? गुण वाढवून देऊ? नवा सोपा विषय देऊ?”

बाबा पुन्हा आडवे झाले. तांब्या मागून घेतला, कानाशी ठेवला. पापण्या मिटल्या. छाती संथ वरखाली होऊ लागली. संपलं, असं समजून सर उठले, चपला शोधू लागले.

“मास्तर...” झोपेतून आवाज आला.

“जी, महाराज?”

“तिच्या बाकावर जाऊन बस. आणि हळूच विचार... विहिरीला काही आठवलं का?”