नवलाईची काहील

अहो ताई, ती तारेची घासणी आधी पिशवीत ठेवा. मदत करायची इच्छा चांगली आहे, पण नवलाई देवीच्या काहिलीला लोखंड लावत नाहीत. मनगटातलं लोखंडी कडंसुद्धा काढून मग आत उतरतात. ते दोघे आत उकिडवे बसून घासताहेत ना, त्यातला एक वरवाडीचा, एक तळवाडीचा. नारळाच्या काथ्याचा बोळा, राख आणि रिठ्याचं पाणी, बस्स. काथ्या झिजला की माडाच्या आळ्यात टाकतो, त्याची माती होते. तुमच्या घरच्या त्या हिरव्या प्लास्टिकच्या घासणीचं पुढे काय होतं, ते तुम्हीच सांगा मला.

लोखंड न लावण्याचं कारण साधं आहे. तांब्याला आतून कल्हई असते. ती खरवडली गेली की आंबट आमटी कळकते आणि अख्खी पंगत आजारी पडते. हे कुठलीही जाणती बाई सांगेल. पण इथे पुरुष का घासतात, आणि दोन वाड्यांचे दोघेच का, त्याच्यामागे रक्त आहे. मी इथला गुरव. माझ्या आज्याने सांगितलं तसं सांगतो, पदरचं घालत नाही. मध्ये फोटो काढू नका.

जत्रेचा स्वयंपाक पूर्वीपासून याच काहिलीत. पहिलं वाढप कुणाचं, यावरून दोन्ही वाड्यांचं जुनं वैर. एका वर्षी वरवाडीच्या बाबाजी घागाने आमटीत ओगराळं घातलं आणि तळवाडीच्या रावजी सुर्व्याने कोयत्याने त्याचा हात मनगटापासून उडवला. ओगराळं हातासकट आमटीत पडलं, म्हणे. मग कोण थांबतोय? कोयते, कुऱ्हाडी, चुलीतली पेटती लाकडं, ज्याला जे सापडेल ते. बाबाजी तिथेच रक्त जाऊन मेला. त्याचा थोरला मुलगा धावत आला, त्याला उकळत्या काहिलीत लोटला. वरवाडीचे काही कमी नव्हते. त्यांनी रावजीच्या भावाचं डोकं चुलीच्या दगडावर ठेचलं. देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठरत नव्हता, असं सांगतात.

काहिलीच्या तळाला डाळ आणि रक्त जळून बसलं. आता काहील घासून निघाल्याशिवाय देवीला नैवेद्य नाही, आणि नैवेद्याशिवाय गावात चूल पेटवायची नाही, असा इथला नेम. पोरं भुकेने रडू लागली. काहील घासणं हे बायकांचं काम, पण बाबाजीची बायको आवडाई आडवी उभी राहिली. ज्यांनी बाटवली त्यांनीच घासावी, म्हणाली. आमच्याकडून माझा धाकटा भिवा उतरेल, त्यांच्याकडून रावजी. गावाला वाटलं, काय काळीज या बाईचं! नवरा गेला, मुलगा गेला, तरी गावाच्या पोटाची काळजी करते.

कसली काळजी. तिने काथ्याचे दोन बोळे वळले आणि एकाच्या पोटात खुरप्याचं पातं घातलं. काहिलीत उतरणाऱ्याच्या अंगावर लोखंड नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भिवाला तिने सांगून ठेवलं, रावजी तळ घासायला वाकला की मान सापडेल.

माझ्या पूर्वजाने ते बोळे सुपात घालून देवीपुढे ठेवले. भिवा त्यातला ठरलेला उचलणार, तोच रावजी म्हणाला, आधी मी घेणार, पहिला मान आमचा. एवढी माणसं मेली तरी हे आहेच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ते खोटं नाही. आणि त्याने नेमका पात्याचाच बोळा उचलला.

आवडाईला ओरडता येईना. ओरडावं तर कपट उघडं पडणार, गप्प बसावं तर पोरगा मोकळ्या हाताने वैऱ्यासमोर. सगळं माहीत असून भिवाही आत उतरला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं त्याला? दोघे घासू लागले. काथ्या झिजत गेला, आणि तांब्यावर लोखंड ओरबाडल्याचा आवाज आला. काठावरच्या बायकांनी तो लगेच ओळखला. रावजीने बोळा फाडला, पातं मुठीत धरलं आणि भिवाला केसांना धरून काहिलीच्या कडेवर दाबला.

आवडाईने काहिलीत उडी घेतली.

“ते माझं आहे,” ती म्हणाली. “मी घातलं.”

“याला माहीत होतं?” रावजीने विचारलं.

“नाही.”

देवीच्या दारात ती खोटं बोलली. रावजीने भिवाचे केस सोडले आणि पातं तिच्या बरगडीत खुपसलं. ती राखेच्या चिखलात पडली. भिवा रावजीवर झेप घेणार, तेवढ्यात तिने त्याचा घोटा धरला. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी एवढं सगळ्यांना ऐकू आलं म्हणे.

“घास. पोरं उपाशी आहेत.”

भिवाने आईला उचलून काठावर ठेवलं आणि पुन्हा आत उतरून तिचं रक्त घासलं. समोर रावजी. त्यानेही पातं फेकलं होतं आणि खाली मान घालून घासत होता. काहील लखलखीत झाली तेव्हा भिवा म्हणाला, “मला माहीत होतं.” रावजीने पातं पुन्हा उचललं नाही. तो रडला, असं वरवाडीचे म्हणतात. तळवाडीचे म्हणतात, नाही रडला. मी काही तिथे नव्हतो. पुढच्या जत्रेला मात्र तो हात जोडून भिवाच्या दारात गेला, माझा बोळा तू वळ, त्यात जे असेल ते घेऊन मी आत उतरेन, म्हणाला. भिवासाठी वळायला आई नव्हती. त्याचा बोळा रावजीच्या आईने वळला, जिचा एक मुलगा वरवाडीने मारला होता.

आजही वरवाडीच्या मुलाचा बोळा तळवाडीची आई वळते, आणि तळवाडीच्या मुलाचा वरवाडीची. तो उसवून बघायचा नाही, चाचपायचासुद्धा नाही. घ्यायचा आणि आत उतरायचं. ती पायरीवर बसलेली हिरव्या लुगड्यातली बाई दिसते ना? आतला अलीकडचा मुलगा तिचा. वाढपाच्या मानावरून दोन्ही वाड्यांची बाचाबाची यंदाही झालीच, आणि त्याच्या हातातला बोळा समोरच्या वाडीने वळलाय. तो घासून वर येईपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नाही.