गाठ कुणी वाढवली

लहानथोरांनो, जरा सरकून बसा. ही गोष्ट फार पूर्वीची, कुठल्याशा राज्यातली. आणि ती घडली एका कासारणीच्या डोक्यात.

डोक्यात म्हणजे मनात नव्हे हं! खरोखरीच कवटीच्या आत. तिथे मेंदू नावाचे मोठे नगर होते आणि त्यात असंख्य पेशी नांदत होत्या. काही होते निरोपे. ते हातापायांना, जिभेला निरोप धाडत. काही पहारेकरी, ते केरकचरा उचलत, घुसखोरांना पकडत. आणि या सगळ्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, वाटांची डागडुजी करणाऱ्या पेशी होत्या, आकाराने थेट चांदण्यांसारख्या. त्यांतल्या एकीला सारी आळी चांदणीमावशी म्हणे. मावशी मोठी मायाळू. दारी आलेल्याला नाही म्हणणे तिला जमतच नसे.

एक दिवस आळीतलीच एक धाकटी पेशी तिच्या दारात आली.

"मावशी, भूक लागलीय गं."

मावशीने पोटभर वाढले. दुसऱ्या दिवशी धाकटी आली ती आपल्यासारखीच दुसरी घेऊन. मग दोघींच्या चौघी झाल्या, चौघींच्या आठजणी. थांबायचे कसे, हेच धाकटी विसरून गेली होती. बघता बघता आळीच्या टोकाला त्यांची एक गाठ जमली.

"मावशी, पलीकडच्या आळीत जायला वाट करून दे ना."

मावशीने वाट करून दिली. पहारेकरी हटकायला आला, तर मावशीच म्हणाली, "असू दे रे दादा, आपलीच पोर आहे." तो मुकाट परत फिरला, पुढे पुढे तर तोच गाठीच्या घरांना माती वाहू लागला. धाकटीने निरोप्यांच्या तारांनाही गुपचूप आपले धागे जोडले. निरोप निघे हाताकडे, पण त्यातले बळ गाठ वाटेतच पिऊन टाकी.

तिकडे कासारणीचा हात थरथरू लागला. गिऱ्हाइकांच्या मनगटावर बांगड्या तडकू लागल्या. आणि एका सकाळी तिला पोटच्या लेकीचे नाव आठवेना. लेक रडत वैद्याकडे धावली.

वैद्याचे औषध रक्ताच्या वाटेने नगरात आले. गाठीत पळापळ झाली. धाकटी धावत येऊन मावशीला बिलगली.

"मावशी, मला मारायला आलेत! लपव मला."

मावशीने तिला पदराआड घेतले. औषध दाराशी आले, घुटमळले आणि ओसरून गेले. गाठ दुप्पट झाली.

मग म्हातारा निरोप्या धापा टाकत आला. "चांदणे, लेकीचे नाव माझ्यापाशी आहे गं. रोज धाडतो, पण ओठांपर्यंत पोहोचतच नाही."

मावशी त्याच्या तारेच्या मागोमाग निघाली आणि गाठीपाशी येऊन थबकली. वाट तिनेच केलेली. अन्न तिच्याच घरचे. माती पहारेकऱ्याची, बळ निरोप्यांचे. यात गाठीचे स्वतःचे असे फारसे काही नव्हते.

"मला वाटत होतं, मी लेकरू वाढवतेय," ती म्हणाली. "मी तर गाठ वाढवली!"

तिथेच माती वाहत असलेल्या पहारेकऱ्याने मान खाली घातली. निरोप्या घाबरून म्हणाला, "पण गाठीचे बळ तोडायला निरोप थांबवले तर बाईचा हातच लुळा पडेल."

"निरोप थांबवू नका अण्णा. धाकटीने जोडलेले धागे तेवढे तोडा. दादा, तू माती टाक आणि काठी उचल. मी वाट बुजवते."

शब्द आळीआळीत गेला. घरोघरच्या चांदण्यांनी दारे लावून घेतली.

धाकटी आली. "मावशी, भूक लागलीय."

मावशीचा जीव तुटला, पण तिने कडी काढली नाही. "तू आपलीच, म्हणूनच मला इतका उशीर झाला. आता नाही, पोरी."

वैद्याचे औषध पुन्हा आले. या खेपेला लपायला पदर नव्हता, पळायला वाट नव्हती. पहारेकरी तुटून पडले, धागे ताडताड तुटले, आणि उपाशी गाठ आतल्या आत खचत खचत विरून गेली.

म्हाताऱ्या निरोप्याने सगळा जीव एकवटून निरोप धाडला. अंगणात बसलेली कासारीण एकाएकी म्हणाली, "भागीरथे!" लेकीच्या हातून घागरच सुटली.

त्या दिवशी नगरात असा जल्लोष झाला, निरोपे असे धावले, नाचले, की बाहेर कासारीण कारण नसताना खळखळून हसत सुटली, आणि तिचे हसू बघून सारे शेजारीपाजारीही हसू लागले.

तात्पर्य : वाईट फोफावते ते आजूबाजूच्यांनी वाढलेल्या अन्नावर, त्यांनी हात आखडला की त्याचे बळ सरते.