जवारीचं सूत

“मग मी कुठे होतो, आक्का? तुम्हीच सांगा. मी तिथे नव्हतो?”

विश्वंभर मठाच्या ओसरीवर उभा होता. पायाशी कपड्यांची पिशवी, गाठ मारून तयार. आवाज चढलेला.

मठ चालवणाऱ्या चंद्राक्का पायरीवर बसून गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“नव्हतास असं कोण म्हणालं?”

“पोतदार. आडावर उभा राहून सगळ्यांना सांगतोय.”

“काय सांगतोय?”

“की आज तो बाहेर गेला. आढ्यापाशी पोचला. तिथून खाली बघितलं तर स्वतःचं टक्कल दिसलं, शेजारचा पाण्याचा तांब्या दिसला, तंबोरा दिसला. तंबोरा वाजत होता म्हणे. पण वाजवणारं कुणी नव्हतं.”

“बरं.”

“बरं काय, आक्का? मी वाजवत होतो.”

नदीकाठच्या या मठात प्रवचन नव्हतं, पारायण नव्हतं. होता एक जुना तंबोरा. सकाळी एकाने त्याच्यासमोर डोळे मिटून बसायचं, दुसऱ्याने तारा छेडत राहायच्या. त्या झणकारात बसणाऱ्याचं मन हळूहळू निवायचं. कुणाकुणाला तर आपण देहातून निघून वर तरंगतो आहोत असं वाटायचं. मठात त्याला ‘बाहेर जाणं’ म्हणत, बाजाराला जाऊन आल्यासारखं सहज.

नियम एकच. बसलेला परत येईपर्यंत स्वर मरू द्यायचा नाही. त्या स्वराला धरूनच माणूस घरी येतो, असं आक्का मानत.

विश्वंभर गाणारा माणूस. चांगली तालीम झालेला, मैफिली गाजवलेला. सगळं सोडून इथे आला तो या एका गोष्टीसाठी, आणि एक तप उलटलं तरी एकदाही बाहेर गेला नव्हता. त्याच्यासाठी आक्का स्वतः तंबोरा घेऊन बसत. पण डोळे मिटले की याला पंचम केसभर उतरलेला ऐकू यायचा, आणि मग दुसरं काही ऐकूच यायचं नाही.

पोतदारची गोष्ट वेगळी. गावात सोन्याचांदीचं दुकान, पुढे आलेलं पोट, आणि आरतीत असा गायचा की शेजारचाही बेसूर व्हावा. दसऱ्याला मठात आला आणि दिवाळीच्या आत बाहेर जाऊ लागला.

तेव्हापासून विश्वंभरच्या पोटात दुखत होतं. त्यातून रोज सकाळी त्याच माणसासाठी तंबोरा धरायचा. जखमेवर मीठ, तेही आपल्याच हाताने चोळायचं.

“म्हणजे तो खोटं बोलतो,” विश्वंभर म्हणाला. “आज सिद्ध झालं. मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसलेलो. तंबोरा काय आपोआप वाजतो?”

“तुला बरं वाटलेलं दिसतंय.”

“बरं कसलं?”

“तो खोटा निघाला म्हणून.”

“हो,” विश्वंभर म्हणाला. “वाटलं. तुमच्यापासून काय लपवू? मला तो नकोसा झालाय, आक्का. त्याचं टक्कल नको वाटतं. डोळे उघडून असं हसतो ना, आंघोळ घातलेल्या पोरासारखं, ते तर बघवत नाही.”

“हं.”

“त्याला षड्ज कळत नाही, पंचम कळत नाही. गाढवाला गुळाची चव काय? आणि तुम्ही गूळ दिलात कुणाला, तर गाढवाला.”

“मी कुठे काय दिलं? मी गवार मोडतेय.”

विश्वंभरने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

“दुपारची एसटी आहे. आज मला तो अनुभव द्या, नाहीतर मी निघालो. परत येणार नाही.”

हे तो मनापासून बोलत होता. मागे घर राहिलं नव्हतं, गाणं राहिलं नव्हतं. हा मठही सुटला तर जायचं कुठे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरीही गेला असता.

आक्कांनी परात बाजूला सारली.

“जायच्या आधी तंबोरा आण.”

त्याने आत जाऊन तंबोरा आणला. आक्कांनी तो मांडीशी घेतला आणि अंगठा तारांवरून फिरवला.

ठक्. ठक्. ठक्. ठक्.

तंबोरा असा बोलत नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवलेला असतो. तो नेमका बसला की तारेला झणकार येतो, त्याला जवारी म्हणतात. धागा काढला की तार नुसती ठोकल्यासारखी वाजते.

आक्कांनी आपला अंगठा पाहिला. पदराला पुसला.

“सूत कुठे आहे?”

खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

विश्वंभरने सदऱ्याच्या खिशात हात घातला. धाग्यांचा बारीक गुंता बाहेर काढून त्यांच्यासमोर ठेवला.

“कधी काढलंस?”

“त्याने डोळे मिटल्यावर.”

“का?”

“वाटलं... आज जाणार नाही. एक दिवस तरी जाणार नाही.”

“पण तो गेला.”

“गेला.”

“गेल्यावर तरी घालायचंस परत. स्वर मेला तर माणूस परत कसा येईल, हे तुला माहीत होतं.”

“...होतं.”

आक्कांनी रिकाम्या घोडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “मी चुलीपाशी होते. मला कसं ऐकू आलं नाही?”

“आवाज पडला ते तुम्हाला कळू नये म्हणून तारा जोरात ओढल्या.”

“ओढल्या.”

“हो.”

“तंबोऱ्याला बोट लावायचं असतं, विश्वंभर. ओढायचं नसतं. पोरासोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो आपण.”

एवढ्यात पोतदार आला. आडावरून आंघोळ करून, खांद्यावर ओला पंचा, टक्कल चकचकीत. विश्वंभरला पाहताच त्याने हात जोडले.

“इथं आहात होय? कवापासनं शोधतोय. विश्वंभरराव, आज काय वाजवलंत हो. आढ्याशी थांबलोच नाही मी. कौलांच्या वर गेलो बघा.”

विश्वंभरने नजर पिशवीकडे वळवली.

“सगळी नदी दिसली. पार पुलापर्यंत.” पोतदार हसला. मग डोकं खाजवत म्हणाला, “येताना तेवढं जरा चुकल्यागत झालं. कुणीकडं यायचं तेच उमगंना. घाबरलो थोडा. पण आलो.”

त्याने वाकून विश्वंभरच्या पायांना हात लावला.

“तुमचा हात तंबोऱ्यावर होता म्हणून आलो. नाहीतर आम्हा दुकानदारांना कोण आणतंय माघारी?”

आणि तो ओला पंचा झटकत आत निघून गेला.

विश्वंभरला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण आधी टोचली ती कौलं. एक तप बसून याला आढंसुद्धा दिसलं नव्हतं आणि तो दुकानदार सूत काढलेल्या तंबोऱ्यावर कौलांच्या वर गेला होता. ओसरीवर उभ्या उभ्या विश्वंभर मनाने त्या कौलांवर जाऊन आला. पुलापर्यंत नदी पाहून आला, पोतदारच्या डोळ्यांनी.

“विश्वंभर.”

त्याला ऐकू आलं नाही.

“विश्वंभर...”

“अं?”

“हात बघू.”

“कुठला?”

“ज्याने वाजवलंस तो.”

त्याने हात पुढे केला. तर्जनीचं पेर तारेने चिरलं होतं, खोलवर. रक्ताचा ओघळ तळहातावरून मनगटापर्यंत जाऊन वाळला होता. सदऱ्याच्या बाहीला डाग होता, खिशालाही होता.

विश्वंभर त्या हाताकडे पाहत राहिला. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या हाती दिल्यासारखा.

“हे कधी झालं?” आक्कांनी विचारलं.

“...कळलं नाही.”

“दुखलं नाही?”

“नाही.”

“आता?”

त्याने बोट हलवलं. चेहरा पिळवटला.

“आता दुखतंय.”

“वाजवताना बघत कुठे होतास?”

“त्याच्याकडे.”

“ऐकत काय होतास?”

विश्वंभरने ओठ चावले. “त्याचा श्वास.”

“तंबोरा नाही?”

“...नाही.”

आक्कांनी तांब्यातलं पाणी त्याच्या बोटावर ओतलं. मग समोरच्या गुंत्यातून एक धागा सोडवला, जिभेने ओला केला आणि चिरलेल्या पेराभोवती गुंडाळला. दुसरा सोडवला, तोही गुंडाळला. तिसरा. चौथा. शेवटी दाताने टोक तोडून गाठ मारली.

तंबोरा त्यांच्या मांडीशी मुका पडला होता.

त्या पुन्हा परातीकडे वळल्या. एक शेंग घेतली, शीर ओढली, मोडली.

विश्वंभर जागचा हलला नाही. पिशवी पायाशी तशीच होती. सूत बांधलेलं बोट त्याने दुसऱ्या मुठीत धरलं होतं आणि ते ठणकत होतं.

“आक्का,” तो अगदी हळू म्हणाला, “पोतदारला मी दिसलो नाही... ते...”

आक्कांनी शेंगा मोडणं थांबवलं नाही.

“पोतदार घटकाभर जातो,” त्या म्हणाल्या, “आणि परत येतो.”

त्यांनी पुढची शेंग उचलली.

“तू कधी येणार?”